नारिंगी बंडी

१

आमच्या घरात सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दोनदा चर्र असा आवाज होतो. जाईच्या शाळेच्या बुटांना वेल्क्रोचे पट्टे आहेत. आधी उजवा, मग डावा. ती पाच वर्षांची आहे आणि बूट आपले आपण घालायचे हा तिचा बाणा आहे. मी तिची पाण्याची बाटली धरून दारात उभी राहते. चर्र, चर्र, मग लिफ्ट, खाली शाळेची व्हॅन, आणि वर येऊन माझी कॉफी. मंगळवारी आणि गुरुवारी मी घरूनच काम करते. बाकीचे दिवस रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत बसून इतर लोक नियम पाळतात की नाही ते तपासते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी चर्र तीनदा झालं.

तिसरं जाईच्या पायाशी झालं नाही. ते स्वयंपाकघराला लागून असलेल्या शेल्टरमधून आलं. इथे सिंगापूरला सरकारी फ्लॅटमध्ये ही एक खोली असतेच: जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, पोलादी दार. युद्ध झालं तर लपायला. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे बॅगा, जास्तीचे तांदूळ आणि आकाशकंदील ठेवतात. दार जड आहे, त्यामुळे आम्ही ते वीतभर उघडंच ठेवतो.

"उंदीर असेल," मी प्रबोधला म्हटलं. प्रबोध माझा नवरा. तो वन-नॉर्थला ऑफिसला निघायच्या घाईत होता.

"तेराव्या मजल्यावर?"

"मग झुरळ."

"वेल्क्रो उघडणारं झुरळ असेल तर मी त्याला टीममध्ये घेतो," तो म्हणाला आणि गेला.

जाई दारात थांबून शेल्टरकडे बघत होती. मागून कुणी येतंय का, हे बघावं तशी. मग तिनं मान वळवली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

तिला सोडून आल्यावर मी शेल्टरचा दिवा लावला. सगळं जागच्या जागी होतं. दारामागच्या हुकावर थंडीचे कपडे टांगलेले, आणि त्यांच्यावर ती लहान नारिंगी बंडी. तिची पुढची वेल्क्रोची पट्टी सुटलेली होती. मी ती लावून टांगली होती, असं मला वाटत होतं. पण मला पुष्कळ वाटत असतं. गॅस चालू राहिला असं मला एमआरटीच्या गाडीत बसल्यावर रोज वाटतं.

मी पट्टी लावली आणि कॉफी करायला गेले.

२

ती बंडी आमची नव्हती, हे इथेच सांगून टाकते.

नोव्हेंबरमध्ये प्रबोधला कामासाठी फ्रान्सला जावं लागलं, आणि आम्ही दोघी त्याच्या मागे लागून गेलो. काम संपल्यावर चार दिवस खेड्यात राहू, असं माझ्याच डोक्यात आलं. जाईनं कधी पानगळ बघितली नव्हती. सिंगापूरला वर्षभर एकच ऋतू असतो आणि पानं गळतात तीही सफाई कामगारांच्या सोयीनं.

घर ओडिल नावाच्या बाईंचं होतं. साठीच्या पुढच्या, पायात रबरी बूट, इंग्रजी मोजकं पण नेमकं. रविवारी सकाळी आम्ही फिरायला निघालो तेव्हा त्यांनी दोन नारिंगी बंड्या आणून दिल्या. रस्त्यावर काम करणारे घालतात तशा, चकाकत्या पट्ट्यांच्या.

"शिकारीचा मोसम आहे," त्या म्हणाल्या. "रविवार म्हणजे सगळे येतात. वाट सोडू नका. बोलत चाला, मोठ्यानं."

"आणि हिला?" मी जाईकडे बोट केलं.

"लहान मापाची नाही माझ्याकडे. मध्ये ठेवा तिला, दोघांच्या."

मी जाईकडे बघितलं. तिनं तपकिरी लोकरी जॅकेट घातलं होतं, टोपीला दोन गोल कान असलेलं. सेलमध्ये घेताना मला ते फार गोंडस वाटलं होतं. जंगलात, बंदुका फिरत असताना, आपल्या पोरीला अस्वलाच्या पिल्लाचे कान लावून नेणारी आई जगात एकच असेल, आणि ती रोज इतरांच्या चुका काढून पोट भरते.

वाट सुंदर होती. दोन्हीकडे उंच झाडं, पायाखाली ओली पिवळी पानं, लांबवर गाईंच्या गळ्यातल्या घंटा. घंटा गाईंच्या नव्हेत हे थोड्या वेळानं कळलं. त्या कुत्र्यांच्या होत्या, आणि त्या फार भराभर जागा बदलत होत्या. एका वळणावर पाटी होती. प्रबोधनं फोन धरून ती वाचली. "शिकार चालू आहे," तो म्हणाला, जसं काही 'काम चालू, रस्ता बंद' असं असावं. मग पहिला बार झाला. छातीत वाजला.

"प्रबोध, परत जाऊ या."

"अगं, दोन डोंगर पलीकडे आहेत ते."

"हिच्या डोक्यावर कान आहेत."

तेव्हाच तो फाटा आला. दोन वाटा फुटत होत्या आणि मध्ये चेस्टनटचं जुनं झाड होतं. झाडाच्या बुंध्याशी, शेवाळावर, एक नारिंगी बंडी पसरून ठेवलेली होती. लहान. बरोबर पाच-सहा वर्षांच्या मुलाची. पडलेली नव्हती, हातानं सुरकुत्या काढून, पट्टी लावून, चारी कोपरे सरळ करून ठेवलेली. पाहुणे यायच्या आधी आपण पलंगावरची चादर करतो तशी.

मला एवढंच दिसलं की ती नारिंगी आहे आणि जाईच्या मापाची आहे.

"अदिती, कुणाची तरी आहे ती," प्रबोध म्हणाला.

"येताना ठेवू परत. हात वर कर गं, जाई."

बंडी जॅकेटवरून नीट बसली. ती थंडगार होती आणि तिला वास होता: कुजलेली पानं, लाकडाचा धूर, आणि त्याखाली काहीतरी ओळखीचं. झोपून उठलेल्या लहान मुलाच्या मानेला येतो तसं. मी जाईची टोपी मागे सारली आणि आम्ही पुढे निघालो. मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

३

उतारावर एक म्हातारा शिकारी घडीच्या खुर्चीवर बसला होता, बंदूक मांडीवर आडवी. आम्हाला बघून त्यानं मान हलवली. मग त्याला आमच्या दोघांच्या मध्ये चालणारी जाई दिसली. तो उठला. खुर्ची मागे कलंडली तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

"बघ, किती आदब," मी प्रबोधला म्हटलं. "आपल्याकडे लिफ्टमध्ये कुणी सरकत नाही."

त्यानंतर पाऊस आला. बार जवळ वाजू लागले. आम्ही पुढे डांबरी रस्त्याला लागलो आणि लांबच्या वाटेनं घरी आलो. फाटा मागे राहिला होता.

"मी धावत जाऊन ठेवून येतो," प्रबोध म्हणाला होता. "पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे."

मी नको म्हटलं. त्याच्या अंगावर मोठी बंडी होती, त्याला काही झालं नसतं. पण मी नको म्हटलं. त्या दुपारी मी जेवढ्या गोष्टींना भीत होते त्यांतली एकही घडली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी होती. ओडिलबाई मुलीकडे गेल्या होत्या. किल्ली डब्यात टाकायची होती. मोठ्या बंड्या मी खुंटीला लावल्या. लहान बंडी अंगात तशीच ठेवून जाई झोपली होती, आणि तिला उचलून गाडीत घातलं तेव्हा तिच्यावर पांघरूण होतं. वाटेत कधीतरी मी ती काढून बॅगेत कोंबली असणार; सिंगापूरला बॅग उघडली तेव्हा ती वर आली.

सोमवारी पाठवू, मी म्हटलं. तो सोमवार नोव्हेंबरमधला होता.

४

शेल्टरमध्ये ओल शोषणारा एक प्लास्टिकचा डबा ठेवतो आम्ही. इथे सगळेच ठेवतात, नाहीतर चपलांनासुद्धा बुरशी येते. तो डबा भरायला दीड महिना लागतो. जानेवारीच्या शेवटी तो तीन दिवसांत भरला. मी ओतून नवा ठेवला. तो दोन दिवसांत भरला. पाणी किंचित तपकिरी होतं.

"काँक्रीट ओल धरतं," प्रबोध म्हणाला.

मग पान सापडलं. पिवळं, लांबट, कडेला दाते असलेलं, जाईच्या बुटात. बॅगेतून आलं असेल. एक पान येऊ शकतं. दुसरं चपलांच्या कपाटात सापडलं, आणि तेही वाळलेलं नव्हतं. दोन महिने झाले होते आणि ते अजून ओलं होतं. मी ते खिडकीतून टाकलं, जे इथे गुन्हा आहे, आणि हात धुतले.

जाई शेल्टरमध्ये खेळू लागली. आधी दहा मिनिटं, मग तासभर. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं, आणि मधूनमधून चर्र. पट्टी उघडायची, लावायची. तीच करत असणार. मी एकदा हळूच जाऊन बघितलं तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली. चर्र झालं. तिचे हात मांडीखालीच होते.

मुलांना चार ते सहा या वयात काल्पनिक मित्र असतात. ते निरोगी असतं. हे मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं, आणि चौथ्या ठिकाणी वाचायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी शेल्टरच्या दाराकडे पाठ करून बसत नाही आता.

"कोण असतं गं आत?" मी तिला भात भरवताना विचारलं. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते.

"अ बॉय."

"काय करतो तो?"

"ही इज वेटिंग ओन्ली."

"कशाची?"

"हिज ममी लाह." तिनं घास गिळला. "यू टुक हिज बेड, ममी. सो ही हॅड टु कम."

मी तिचा हात हातात घेतला. बाहेर तेहतीस अंश होतं. तिची बोटं फ्रान्समध्ये होती तशी गार होती.

५

त्या रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या बोलण्यात बंडीचा विषय निघाला. बाकीचं मी सांगितलं नाही. काय सांगणार?

"लोक फ्रान्सहून अत्तर आणतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय आणलंत, तर कुणाच्या पोराची बंडी."

"आई, चुकून आली हो."

"चुकून आली ती येऊ दे. राहिली कशी इतके महिने? तिकडे ते पोर थंडीत उघडं फिरत असेल." मग म्हणाल्या, "पाठवून दे. आणि दुसऱ्याची वस्तू पाठवतेस तर धुवून पाठव. फ्रेंच असले म्हणून काय झालं, आपली रीत आपण सोडू नये."

त्या संध्याकाळी मी ओडिलबाईंना निरोप लिहिला. क्षमा मागितली, फाट्याचं वर्णन केलं, बंडीचा फोटो जोडला. कुठल्या पत्त्यावर पाठवू, असं विचारलं.

उत्तर यायला चार दिवस लागले. बुकिंगच्या खिडकीत एका ओळीत उत्तर देणाऱ्या बाईंनी यावेळी एवढं लिहिलं होतं की मला वर सरकवत जावं लागलं.

६

त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्याकडे शिकारीत कुत्रा हरवला तर मालक रात्रभर शोधत बसत नाही. तो आपल्या अंगातला कोट काढून, कुत्रा शेवटचा दिसला त्या जागी पसरून ठेवतो आणि घरी जातो. कोट अंगात घातलेला हवा, धुतलेला चालत नाही. कुत्रा वासावर परत येतो, कोटावर झोपतो, आणि सकाळी मालक आला की तिथेच सापडतो.

डोंगरावरच्या शेवटच्या घरात एक बाई राहते. अकरा वर्षांपूर्वी, शिकारीच्या मोसमात, एका रविवारी तिचा सहा वर्षांचा मुलगा एका कुत्र्यामागे त्या फाट्यावरून आत गेला. कुत्रा परत आला. आठवडाभर अख्खं गाव शोधत होतं. मुलाला त्या दिवशी गरम व्हायला लागलं म्हणून त्यानं बंडी काढून आईच्या हातात दिली होती. मोसम सुरू झाला की ती बंडी ती तिथे पसरते, मोसम संपला की घरी नेते आणि डब्यात बंद करते, वास जाऊ नये म्हणून. गावातल्या सगळ्यांना हे माहीत आहे. सगळे तिथे वाट सोडून वळसा घालून जातात.

"तुम्हाला सांगायला हवं होतं," ओडिलबाईंनी लिहिलं होतं. "मी फक्त बंदुकांचं सांगितलं. ती चूक माझी."

आणि मग शेवटी: "त्या रविवारी संध्याकाळी ती गेली तर बंडी नव्हती. आणि आमच्या म्हाताऱ्या मार्सेलनं दुपारी एक मूल ती बंडी घालून रस्त्यानं जाताना बघितलं होतं, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये. त्यानं तिला तसं सांगितलं. ती म्हणते, तो येऊन घेऊन गेला. ती म्हणते, आता तो एकटा नाही. अकरा वर्षांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. अकरा वर्षं ती रात्री दाराला कडी लावत नाही, आणि आता तर म्हणते, बंडी घेऊन गेला म्हणजे घराकडेच निघाला असेल. तुमचा निरोप मी अजून तिला दाखवलेला नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी तो निरोप प्रबोधला वाचून दाखवला. मग त्यानं उठून शेल्टरचं दार लावलं. पूर्ण, पोलादी मूठ फिरवून. गेल्या तीन वर्षांत ते आम्ही कधी लावलं नव्हतं.

"प्रबोध, जाई कुठाय?" मी विचारलं.

ती आत होती. दार उघडलं तर अंधारात भिंतीला टेकून बसलेली, शेजारी एका माणसाची जागा सोडून. रडली नव्हती. "डोन्ट क्लोज," ती म्हणाली. "ही गेट्स स्केअर्ड. नॉट मी."

७

पाठवायचं ठरलं. खरं बोलणं बरं, एका आईला खोट्या आशेवर ठेवणं पाप, वगैरे मी प्रबोधला बरंच ऐकवलं. ते सगळं बरोबर होतं आणि त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. मला फक्त माझी मुलगी त्या खोलीतून बाहेर हवी होती. बंडी गेली की तो जाईल. तो बंडीमागून आला होता, बंडीमागून परत जाईल, आणि तिकडे जे व्हायचं ते होईल. एवढाच हिशेब.

जाई शाळेत असताना, गुरुवारी, मी ती हुकावरून काढली आणि मशीनमध्ये टाकली.

मी ओडिलबाईंचं पत्र वाचलं नव्हतं असं नाही. 'धुतलेला चालत नाही' हे वाक्य मी वाचलं होतं, मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पण हात कुठल्या वाक्यानं चालतात? परक्याची वस्तू आहे, दोन खंड ओलांडून जायची आहे, मळकी कशी पाठवायची. माझ्या मनात सासूबाई होत्या, स्वच्छ दुमडलेली बंडी होती, आपल्याला लोक काय म्हणतील हे होतं. मी जंतुनाशकाचं झाकण भरून ओतलं, वर सुगंधी द्रव टाकला, आणि चाळीस अंशांवर मशीन सुरू केलं.

काचेतून बघितलं तेव्हा पाणी तपकिरी झालेलं दिसलं. हातभर बंडीत मावेल त्याहून कितीतरी जास्त मळ. पानांचे तुकडे काचेला चिकटत होते आणि निघून जात होते. तेव्हा मला ते वाक्य आठवलं. मी बंद करायचं बटण दाबलं, पण मशीनमध्ये पाणी असलं की दार उघडत नाही. मी जमिनीवर बसून राहिले. मागे शेल्टरमध्ये काहीही आवाज नव्हता. चर्र नाही, काही नाही. कुणीतरी श्वास रोखून बघतंय असं वाटण्याइतकी शांतता.

बंडी नवीकोरी निघाली. तिला लॅव्हेंडरचा वास येत होता. मी तिच्यात नाक खुपसलं, खोलवर, शिवणीपाशी, पट्टीखाली. ते झोपलेल्या मुलाचं काहीतरी कुठेच नव्हतं.

तरी मी ती पाठवली. हे मला सांगायलाच हवं. धुतल्याचं ओडिलबाईंना लिहिलं नाही. पत्रात लिहिलं की आम्हाला फार वाईट वाटतं.

८

पार्सल पोचायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस घर इतकं शांत होतं की मी मनातल्या मनात स्वतःला माफ करायला लागले होते. डबा भरेना. जाईचे हात गरम झाले. ती शेल्टरमध्ये जाईना. विचारलं तर खांदे उडवायची. "ही इज लुकिंग फॉर इट," एकदा म्हणाली, आणि चित्र रंगवत राहिली.

दहाव्या दिवशी ओडिलबाईंचं उत्तर आलं. यावेळी लहान.

त्या बंडी घेऊन स्वतः डोंगरावर गेल्या होत्या. सगळं सांगितलं: सिंगापूरचे पाहुणे, कान असलेलं जॅकेट, पाऊस. बाई रागावली नाही. तिनं बंडी दोन्ही हातांनी चेहऱ्याशी धरली. बराच वेळ धरली. मग उलटी करून आतल्या बाजूनं धरली.

"यात कुणी नाही," ती म्हणाली.

तिनं ती पूर्ववत घडी करून ओडिलबाईंच्या हातात परत दिली, कॉफीचे कप विसळले, आणि त्या निघाल्यावर आतून कडी लावली. ओडिलबाईंनी ती कडी ऐकली. त्यांनी लिहिलं होतं की गंजली होती, लागताना फार आवाज झाला.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी बाटली धरून दारात उभी होते. उजवा, चर्र. डावा, चर्र. जाई उठली नाही. ती थांबून राहिली, मान किंचित वाकडी करून. आणि शेल्टरमधून ते आलं. पण वेल्क्रोचं नव्हतं. आता घरात दुसरा वेल्क्रो नव्हताच. ते कापडाचं होतं: तळहातानं सुरकुत्या काढत जावं, तसं. एकदा, दोनदा, मग चारी कोपरे.

प्रबोधनंही ऐकलं. तो टाय बांधता बांधता थांबला. त्यानं झुरळाचं नाव काढलं नाही.

मी गेले. दिवा लावायला हात पुढे केला आणि लावला नाही; स्वयंपाकघरातून पुरेसा उजेड येत होता. हुक रिकामा होता. जाईचं तपकिरी जॅकेट, ड्राय-क्लीनला द्यायचं म्हणून नोव्हेंबरपासून तसंच राहिलेलं, जमिनीवर पसरून ठेवलं होतं. ज्याच्यावरून ती बंडी अख्खी दुपार घातलेली होती, आणि ज्याच्यावर तीन महिने टांगलेली होती, ते. टोपीचे कान सरळ केलेले. आणि लोकरीवर एक खळगा होता, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या एखाद्या लहानग्याएवढा. मी बघत असताना तो हळूहळू भरून वर आला. कुणीतरी आत्ताच उठून बाजूला झाल्यासारखा, मला जागा करून द्यायला.

मी ओरडले नाही. मी फक्त म्हटलं, "राहू दे, झोप." मराठीत. त्याला कळलं असेल का, कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो तेव्हा प्रबोधनं विषय काढला. "हे जॅकेट पाठवू या. नाहीतर मी स्वतः नेतो. नोव्हेंबरमध्ये जातो, त्या झाडाखाली पसरतो, तिच्या दारावर उभा राहून सांगतो. तो येईल त्याच्यावर."

मला बरं वाटलं. अकरा वर्षांची एक चुकामूक आणि माझी चार महिन्यांची चूक, दोन्ही पुसायची काहीतरी वाट होती. मी मान हलवणार होते.

जाई वरणातलं लिंबू चोखत होती. "बट दॅट वन स्मेल्स लाइक मी, पप्पा," ती म्हणाली. "हिम अँड मी, बोथ. यू पुट देअर, देन हू विल कम?"

आम्ही जॅकेट पाठवलं नाही. धुतलंही नाही. नोव्हेंबर येईल तेव्हा प्रबोधला रजा मिळणार नाही, आणि मला त्याबद्दल फारसं आश्चर्य वाटणार नाही. सकाळी मी आता दारात जरा जास्त वेळ उभी राहते. खाली व्हॅनवाले अंकल हॉर्न वाजवतात. जाईचा हात मी घट्ट धरते, आणि दुसरा हात बाटलीसकट मोकळा ठेवते. तो अधूनमधून गार पडतो.

त्या डोंगरावर अकरा हिवाळे एका बाईचं दार नुसतं लोटलेलं असायचं. ते मी बंद केलं. आमच्या शेल्टरचं दार अजून वीतभर उघडं आहे.